सध्या काय लावलंय

वेंगुर्ल्याच्या बंदरावर कुणीही कुणाला विचारतं,
काय गावला?
आम्ही चौघंच तेवढे विचारतो,
काय लावलंय सध्या?

मग पिशव्या उघडायच्या.
मासळीच्याच पिशव्या, धुतलेल्या,
पण शकूर होडेकरच्या एका तबकडीला
बांगड्याचा वास लागला तो लागलाच.
ती लावली की मांजर येऊन बसतं
स्पीकरच्या तोंडाशी.

शकूर बोटीवर ऑइलर होता.
योकोहामात पगाराच्या दिवशी
बाकीचे घड्याळं घ्यायचे, हा तबकड्या.
घड्याळं सगळी बंद पडली, म्हणतो.
सध्या त्याच्याकडे एक ट्रम्पेट वाजतंय,
तोंडात बोळा कोंबलेलं.
लग्नघरात, मागच्या पडवीत,
कुणी वाईट बातमी हळू सांगावी तसं.
पहिली बाजू लावू नका, बजावतो,
पहिली बाजू गोड आहे.

सुलभाताई केळुसकर पोस्टात.
त्यांची सुई मोडली ती गणपतीच्या आधी.
नवी मागवलीय, रोज स्वतःच
थैल्या उपसून बघतात, आली का.
तरी म्हणाल्या, मी लावलंय की.
कव्हर भिंतीला टेकवायचं, समोर बसायचं.
पियानोवर वाकलेला माणूस,
ओठातल्या सिगारेटची राख पडायच्या बेतात.
मी बघते तोवर पडत नाही.

माझं म्हणाल तर
शकूरकडूनच आणलेली एक, तिसऱ्या गतीवर चरा गेलेली.
सॅक्सोफोन जिना चढतो,
सातव्या पायरीवरून परत पहिलीवर.
महिनाभर असाच चढतोय आमच्याकडे,
बायको भाकऱ्या थापता थापता
सहा मोजून थांबते.
सुलभाताईंच्या भाच्यानं पुण्याहून
धड असलेली पाठवली, फोनवर.
ऐकली.
आठव्या पायरीवर गेला तो,
वर साधीच खोली होती.

राहिला बस्त्याव सोज.
त्याचं एकच, एकोणतीस वर्षं.
मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलातला बँड,
मागच्या रांगेत तिसरा ट्रॉम्बोन
म्हणजे त्याचा बाप.
कव्हरवर नाव नाही.
हा बघ, हा पाय! म्हणून बोट वर करतो बस्त्याव,
आणि दर वर्षी
वेगळ्याच जागी वर करतो.
एकदा तर नुसत्या खोकल्याला केलं.
आम्ही म्हणतो, हो, आला आला.

हे सगळं बर्फाच्या कारखान्यात, रविवारी,
लिलाव आटपल्यावर.
कॉम्प्रेसर माझ्या ताब्यात.
त्याचा ठेका एका मात्रेला लंगडा,
कधी कधी तबकडीवरचा ड्रमवाला
त्याला सांभाळून घेतोय असं वाटतं.

परवा बस्त्यावच्या पाळीला लाईट गेली.
अख्खा बँड गुडघ्यात वाकत वाकत
म्हशीसारखा हंबरला आणि बसला.
कॉम्प्रेसरही थंड.
लाद्यांतून पाणी ठिबकत होतं,
बाहेर जेट्टीला होडी घासत होती.
काळोखात बस्त्याव गुणगुणायला लागला.
चाल नव्हे. चालीच्या खालचं काहीतरी,
दोन सूर, मोठी गॅप, परत तेच दोन,
कंटाळवाणं म्हणाल इतकं सोपं,
वाट बघणाऱ्या माणसाचं.
सुलभाताईंचं बोट बाकावर चालू झालं.
शकूर काहीतरी विचारायला गेला,
त्या म्हणाल्या, गप.
बोट कुणी वर केलं असेल तर दिसलं नाही.

लाईट आली. तबकडी कण्हत कण्हत
होती तिथून उठली, पट्टीला आली,
आणि बस्त्यावनंच सुई उचलली.
आज पुरे.

बाहेर पडलो तर जेट्टीवर आनाजी तांडेल,
जाळं सोडवत बसलेला.
पिशवी बघून बस्त्यावला म्हणाला,
काय गावला?
वायच पेडवे, बस्त्याव म्हणाला,
घरापुरते.